आबा, ती सायकल खटारा नव्हती

आबा, तुम्ही गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस आधी पाणी पितो, मग तुमच्या फोटोला हात जोडतो आणि थोड्या वेळाने सायकलीवर येतो. "या वयात कशाला सायकल चालवायची?" "संजयभाऊ, एखादी जुनी स्कूटर तरी घेऊन द्यायची होती त्यांना." "आणि ती सायकल तरी कसली, नुसता खटारा." गावाहून आलेल्या तुमच्या चुलतभावांनीही तेच म्हटलं. तुमचा मुलगा मान हलवत राहिला. मी चहाचे कप उचलत होते. तोंडातून शब्द आला असता, तर कपही हातातून गेला असता.

तुमचं गाव, वय, तुम्ही सुरतला कधी आलात, हे सगळं उत्तरकार्याच्या कार्डावर छापून झालंय. ते मी लिहीत नाही. कार्डावर जे आलं नाही तेवढंच मला तुमच्याशी बोलायचंय. सासऱ्याशी सुनेने इतकं बोलायचं नसतं, पण आपण बोलायचो. रविवारी सकाळी, जिन्याखाली, सायकल उलटी करून.

बघणाऱ्याला ती सायकल खटाराच दिसायची, हे मला मान्य आहे. लूमवरचा एक ओडिया कारागीर सुरत कायमची सोडून गावी निघाला होता, त्याच्याकडून तुम्ही ती घेतली. तेव्हाच तिचा रंग उडालेला होता. घंटी नव्हतीच. सीट फाटली तेव्हा तुम्ही मिलमधल्या चिंध्या भरून वर प्लॅस्टिक गुंडाळलंत आणि साडीच्या पार्सलची सुतळी करकचून बांधलीत. पेडलचं रबर झिजलं, तर लाकडाचा ठोकळा तासून बसवलात. टायरला चीर पडली की जुन्या टायरचा तुकडा कापून आतून लावायचात, म्हणजे ट्यूब बाहेर डोकावायची नाही. ट्यूबवर ट्यूब कमी आणि ठिगळंच जास्त. संजयच्या मोटरसायकलचं ऑइल बदललं की निघालेलं काळं ऑइल तुम्ही बाटलीत भरून आणायचात आणि साखळीला पुसायचात. ती मोटरसायकल तुमच्याच मिलच्या फंडातून आलेली. तिचं टाकाऊ ऑइल तेवढं तुमच्या वाट्याला आलं.

पण ब्रेकचे रबर कायम नवे. कोपऱ्यावरचा दुकानदार दर वेळी विचारायचा, "चाचा, सस्तावाला दूँ?" आणि तुम्ही दर वेळी रागावून म्हणायचात, "वो अच्छावाला निकाल." मी एकदा हसले होते. म्हटलं, "आबा, सीटला चिंध्या आणि ब्रेकचा एवढा थाट?"

तुम्ही पाना खाली ठेवून अहिराणीत म्हणालात, "सीट फाटनी ते ढुंगण दुखी. ब्रेक गया ते मानूसच जाई." आणि मग सुनेसमोर भलताच शब्द तोंडातून गेला म्हणून इतके लाजलात, की तोंड फिरवून नट शोधायला लागलात. नट तुमच्या हातातच होता.

लग्न होऊन सुरतच्या बमरोलीत आले तेव्हा मला सायकल येत नव्हती. आमच्या गावाकडे मुलींना कुणी शिकवत नव्हतं. पांडेसऱ्याला साड्यांच्या लेसपट्टीचं पॅकिंग करणाऱ्या कारखान्यात मला काम लागलं. शेअर रिक्षाने जायचं म्हणजे रोज सकाळी संजयकडे हात पसरायचा. ते पैसे द्यायचे, पण देताना काहीतरी बोलायचे. तुम्ही दाराशी बसून बूट पुसत ते ऐकायचात. एकदा तुम्ही भंगारवाल्याकडून लेडीज सायकलचा नुसता सांगाडा उचलून आणलात. चाकं दुसरीकडून मिळाली, हँडल तिसरीकडून. ते दोन्ही बाजूंना सारखं वळायचं नाही, म्हणून तुम्ही ते गॅलरीच्या गजांत अडकवून सरळ केलंत.

संजय म्हणाले, "आपल्या घरातली बाई सायकल चालवणार? मी काय मेलोय का?"

तुम्ही मलाच म्हणालात, "सकाळमा तयार ऱ्हाय."

मिलच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर तुम्ही रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल, आणि मागून कॅरिअर धरून धावताय. मी साडीचा पदर खोचलेला. गल्लीतल्या बायका कठड्यावर बसून आम्हाला बघत हसत होत्या. "हँडलकडे नको देखू, समोर देख! कसाले भीस?" मी पडले, गुडघा सोलला, साडी फाटली. तुम्ही मला उठवायला आला नाहीत. आधी सायकल उचलून तिचा ब्रेक बघितलात, मग माझ्याकडे वळून म्हणालात, "काही नै व्हयनं." मला इतका राग आला की त्याच रागात मी परत बसले आणि प्लॉटच्या टोकापर्यंत गेले. मागे वळून बघितलं, तर तुम्ही केव्हाच हात सोडलेला होता. कमरेवर हात ठेवून दम खात उभे होतात.

त्यानंतर कामावर जायला मी कुणाकडे पैसे मागितले नाहीत. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. माझ्या वडिलांनी मला हुंड्यात भांडी दिली, कपाट दिलं. एकटीने घराबाहेर पडायची सोय तुम्ही करून दिलीत.

आणि ती सायकल चालती ठेवलीत तीही तुम्हीच. तुमच्या सायकलीच्या आधी माझी. माझ्या टायरला नवी ट्यूब, आणि माझी जुनी ट्यूब कापून तुमच्या ट्यूबला ठिगळ. पंक्चर काढायला घमेल्यात पाणी घेऊन बसायचो. बुडबुडा दिसला की तुम्ही त्यावर बोट दाबून धरायचात आणि मी पेनाने खूण करायचे. शेवटी ब्रेकची परीक्षा. ब्रेक दाबून धरायचा आणि सायकल पुढे ढकलायची. चाक जरा जरी फिरलं, तरी तुम्ही पुन्हा पाना उचलायचात. तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या रविवारी आपण तुमचे मागचे रबर बदलले होते. मी ढकलून बघितलं होतं. चाक घासत गेलं, फिरलं नाही. तुम्ही म्हणालात, "आते चांगलं शे," आणि अंघोळीला गेलात.

आबा, मला तुमच्यावरही राग आहे. तोही आज सांगते.

गणपतीत संजय कामाला आहेत त्या कापड मार्केटमधले शेठ आपल्याकडे दर्शनाला यायचे होते. संजयने सकाळपासून दोनदा जिना धुतला. मग तुम्हाला म्हणाले, "आबा, ती सायकल जरा बिल्डिंगच्या मागे लावा ना. बरं दिसत नाही." मागे गटार आहे. तुम्ही मान खाली घालून सायकल हाताने ढकलत घेऊन गेलात. शेठ आले, प्रसाद घेतला, गेले. तुम्ही तेवढा वेळ मागेच उभे राहिलात. सायकल चोरीला जाईल म्हणून थांबलो, असं सांगितलंत.

त्या दिवशी मी तुमच्याशी भांडले होते. "तुम्ही बोलत का नाही, आबा? त्यांना एक शब्द का बोलत नाही? या घराचं भाडं इतकी वर्षं कुणी भरलं?"

तुम्ही स्पोक पुसत होतात. "तुले काय करनं शे? त्याले लाज वाटस, वाटू दे."

"आणि तुम्हाला?"

तुम्ही पुढचा स्पोक पुसायला घेतलात. माझ्या प्रश्नाचं उत्तर आता मिळणार नाही. मी खूप विचार केला. तुमच्या गप्प बसण्याला सगळे चांगुलपणा म्हणतात. मी नाही म्हणत. तुम्ही गप्प राहिलात म्हणून तुमच्या मुलाला वाटलं की तुम्हाला कुठेही उभं केलं तरी चालतं. जिवंतपणी गटाराजवळ, आणि मेल्यावर त्या कागदात.

त्या कागदाचं तुम्हाला माहीत नाही. सांगते.

तुम्ही मिल सुटल्यावर धरलेली गोडाऊनवरची रात्रीची राखणीची ड्युटी संपवून सकाळी घरी येत होतात. बमरोलीच्या वळणावर कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या फाटकाशी कापडाच्या ताक्यांनी भरलेल्या टेम्पोने तुम्हाला धडक दिली. मी भाजी फोडणीला टाकत होते. शेजारचा मुलगा ओरडत जिना चढून आला. हॉस्पिटलमध्ये पोचलो, तर तुम्ही आधीच गेलेले होतात. तुमच्या पायांत एकच चप्पल होती. दुसरी कुणीच शोधली नाही.

तुम्हाला जाऊन अजून चार दिवसही झाले नव्हते, तेवढ्यात टेम्पोचा मालक घरी आला. सोबत समाजातले एक पुढारी होते. मालकाने हात जोडले, डोळे पुसले. मग म्हणाला, "काका का ब्रेक ही नहीं लगा. सीधे पीछे से आके घुस गये. पुरानी साइकिल थी ना." पुढारी म्हणाले, "जाणारा माणूस गेला. कोर्टकचेरीत काय हाती लागतं? आपसात मिटवू."

मी दाराआडून म्हणाले, "ब्रेक चांगले होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संजय म्हणाले, "तू आत जा." मग मालकाकडे वळून म्हणाले, "सायकल जुनीच होती. आम्ही किती सांगायचो त्यांना."

दोन दिवसांनी कामावरून सुटल्यावर मी सरळ पोलीस चौकीत गेले. माझ्या सायकलवर. मागच्या आवारात जप्त केलेल्या गाड्यांचा ढीग असतो, त्यात तुमची सायकल टाकलेली होती. पुढचं चाक पापडासारखं दुमडलेलं. सीटची सुतळी सुटून चिंध्या बाहेर आलेल्या. मागचं चाक मात्र धड होतं. मी ती ओढून बाहेर काढली, पुढचा भाग उचलून धरला, मागचा ब्रेक दाबला आणि ढकललं. चाक फिरलं नाही. मातीत रेघ ओढत गेलं.

एक जमादार बाहेर आले. "बेन, शुं करो छो?"

म्हटलं, "साहेब, आनी ब्रेक चाले छे. तमे जुओ."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, स्वतः ब्रेक दाबून बघितला, सायकल ढकलून बघितली. म्हणाले, "चाले छे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण तमारा घरवाळाए लखी आप्युं छे के ब्रेक न'ती. सही करी छे, बेन."

माझ्या नवऱ्याने लिहून दिलं होतं की तुमच्या सायकलीला ब्रेक नव्हता. आणि मला हे पोलिसाकडून कळत होतं.

मी म्हटलं, मी लिहून देते. आम्ही दोघांनी मिळून रबर बदलले होते, मी साक्षीदार आहे. ते म्हणाले, "तमे तो वहु छो. वारसदार दीकरो छे." सून वारस नसते, आबा. तुमच्या सायकलीचा एकूण एक नट मला माहीत होता, तुमच्या मुलाला तिच्यात हवा भरता येत नव्हती, पण सही त्याची.

घरी येऊन मी विचारलं, "तुम्ही कशावर सही केलीत?"

आधी ते ओरडले. मी चौकीत गेलेच का म्हणून. मग म्हणाले, "मेलेला माणूस परत येणार आहे का? केस चालवायला वकील लागतो, मार्केटमधून सुट्ट्या लागतात. शेठ देईल सुट्ट्या? आपल्या पोरीचं पुढचं शिक्षण कशातून करणार? ते लोक देतायत ते घेतलं, त्यात मी काय चोरी केली?"

"पण खोटं का लिहिलंत?"

"तसं लिहिल्याशिवाय ते देत नव्हते."

मग ते रडले. पलंगाच्या कडेला बसून, हुंदके देत. म्हणाले, "तुला वाटतं मला सायकलीची लाज वाटायची. मला माझी लाज वाटायची. माझा बाप म्हातारपणी पेडल मारत नोकरीला जातो, आणि मी त्याला घरी बसवून खायला घालू शकत नाही. ती सायकल दिसली की तेच दिसायचं. म्हणून म्हणायचो मागे लावा."

हे मला खोटं वाटलं नाही. तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय, कारण त्यांनी ते तुम्हाला कधी सांगितलं नसणार. मी त्यांना पाणी दिलं. पण आबा, ते रडले म्हणून सही पुसली गेली नाही.

उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी मी त्या वळणावर गेले. तिथे एक मावशी चहाची टपरी चालवते, नंदुरबारकडची. मी कोण ते सांगितल्यावर तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि फाटकाकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "तुझे सासरे थांबलेले होते गं."

"म्हणजे?"

"फाटकातून टेम्पो रिव्हर्समध्ये येत होता. त्यांनी बघितलं, ब्रेक मारला, एक पाय खाली टेकवून कडेला उभे राहिले. गाडी जाऊ दे म्हणून. ड्रायव्हर फोनवर बोलत होता. तो मागे येतच राहिला. त्यांनी हात केला, ओरडलेही. मागे सरकायला गेले, तर भिंत."

मी म्हटलं, "मावशी, पोलिसांना एवढं सांगशील?"

तिने माझा हात धरला. "बाई, माझं गिऱ्हाईक सगळं त्याच फाटकातून येतं. उद्या ही टपरी उचलून फेकतील." मी तिला दोष देत नाही. चहाचे पैसे तिने घेतले नाहीत.

म्हणजे ब्रेक लागला होता, आबा. तुम्ही जागच्या जागी थांबला होतात. रविवारी आपण केलेलं काम अगदी बरोबर होतं. ते बरोबर होतं म्हणूनच तुम्ही त्या जागी उभे होतात, हा विचार त्या दिवसापासून मला सोडत नाही. रबर झिजलेले असते, तर कदाचित घसरत पुढे निघून गेला असतात. असलं काही मनात आणू नये, हे कळतं मला. तुम्ही असतात तर पाना उगारला असतात.

दुसऱ्या दिवशी गल्लीत मांडव पडला. पुरी, बुंदी, गंगाफळाची भाजी. गावाकडची माणसं आली, मिलमधले तुमचे जुने सोबती आले, त्यातले काही खरंच रडले. पुरुषांची पंगत बसली, आणि टेम्पोचा मालक पांढरे कपडे घालून आला. पुढाऱ्यांनी त्याला मधोमध बसवलं. संजय बुंदीची बादली घेऊन वाढत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन रांगेतून फिरत होते.

त्याच्यापाशी आले आणि मी वाकून म्हणाले, "सेठ, हमारे आबा रुके हुए थे. एक पैर नीचे रखके खड़े थे."

मला वाटलं तो चिडेल. नाही म्हणेल, उठून जाईल. मी त्याचीच तयारी करून आले होते. त्याने घास खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "मालूम है, बेन. ड्राइवर ने उसी दिन बता दिया था. पर उसके भी छोटे बच्चे हैं. और आपके घर का भी तो हमने देख लिया ना."

संजय शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते, आबा. तुमचा मुलगा आत्ता काहीतरी बोलेल, बादली खाली ठेवेल, निदान पुढच्या पानाकडे तरी जाईल, असं मला वाटलं. पळी हवेतच थांबली होती. मग ते वाकले. "लो सेठ, और लो," म्हणाले, आणि त्याच्या पानात बुंदी वाढली.

तो जेवला. सावकाश, पोटभर जेवला. जेवण झाल्यावर मांडवाच्या कडेला गेला आणि हात धुवायला ओंजळ पुढे धरून उभा राहिला. पंगतीतले सगळे आमच्याकडे बघत होते. तांब्या माझ्या हातात होता, आणि घरची सून मीच होते.

मी पाणी घातलं, आबा.